एकशिपी

आमच्या मालवणच्या घरात मासा आला की तो थेट आडोळीवर जायचा आणि तिथून कढईत. माशासाठी टाकी, पंप, हीटर आणि मीठ विकत आणायचं आणि वर त्यालाच जेवायला घालायचं, ही कल्पना तिथे कोणाला पटवून देणं कठीणच. मी २००३ साली एम.एस. करायला अमेरिकेत आलो आणि मलाही ती पटायला पुढची बारा वर्षं लागली. एका क्लायंटच्या ऑफिसात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. मीटिंग लांबली की मी तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो. पुढे तसलीच एक टाकी घरी आली. बायको म्हणते, इतर लोक चाळिशीत गाडी बदलतात, ह्याने पाणी बदलायला सुरुवात केली.

पण आज सांगायचंय ते टाकीबद्दल नाही. टाकीत येणाऱ्या नव्या पाहुण्याबद्दल आहे.

आपल्याला दुकानात दिसतो तो समुद्री मासा बहुतेक वेळा फार लांबून आलेला असतो. इंडोनेशिया किंवा फिलिपीन्सच्या प्रवाळातून कोणी पाणबुड्या त्याला जाळ्यात धरतो. तिथून तो निर्यातदाराकडे, मग विमानाने बऱ्याचदा लॉस एंजेलिसला आणि तिथून आणखी एका विमानाने तुमच्या दारात येतो. दर टप्प्यावर नवी पिशवी, नवं पाणी, नवा अंधार. पिशवीत थोडं पाणी आणि वर भरपूर प्राणवायू. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून त्याला निघण्याआधी उपाशी ठेवलेलं असतं. आपण विद्यार्थी म्हणून मुंबईहून निघालो तेव्हा निदान बॅगेत चकल्या होत्या.

२०१९ साली मी असा पहिला मासा मागवला. खोका एक दिवस उशिरा आला. मी माहिती वाचून तयार होतो. मासा एकदम नव्या पाण्यात सोडायचा नाही, पिशवीतल्या पाण्यात टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडायचं, अगदी आपल्याकडच्या ठिबक सिंचनासारखं. मी दोन तास निष्ठेने ठिबक सिंचन केलं. वर सगळे दिवे लावलेले, मुलगी फोनवर व्हिडिओ घेतेय, शेजारचे दोघे बघायला आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा पडला होता.

त्याचं कारण मला नंतर कळलं आणि ते कळल्यावर जास्त वाईट वाटलं. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, त्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. कल्ल्यांवाटे तो अमोनियाही टाकत असतो. पण पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं तेव्हा त्यातला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे पुष्कळ कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचं पुन्हा विषारी अमोनियात रूपांतर होतं. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ठिबक चालतं. दीड-दोन दिवस प्रवास करून आलेल्याला उघड्या पिशवीत दोन तास ठेवणं म्हणजे विषात ठेवणं. मी त्याचं दोन तास प्रेमाने स्वागत करत होतो आणि तो त्या स्वागतानेच गेला.

त्यानंतर मी सुधारलो. आमच्या धंद्यात नवा प्रोग्रॅम थेट प्रॉडक्शनमध्ये टाकत नाहीत, आधी वेगळ्या मशीनवर चालवून बघतात. मीही वीस गॅलनची एक वेगळी साधी टाकी केली. वाळू नाही, दगड नाहीत. स्पंजचा फिल्टर, हीटर आणि लपायला प्लंबिंगचे प्लॅस्टिकचे पाइप. नवा मासा चार-पाच आठवडे तिथेच राहणार. एक तर त्याने आणलेला रोग मोठ्या टाकीत जात नाही. दुसरं म्हणजे त्याला दमलेल्या अवस्थेत घरच्या जुन्या माशांशी भांडावं लागत नाही.

आता आईकडे येतो. माझे वडील मार्च २०२३ मध्ये गेले. आई मालवणच्या घरात एकटी. सप्टेंबरात मी तिला सहा महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीला आणलं. ती आली आणि चौथ्याच दिवशी आपल्या मंडळाचा गणपती होता. वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला यायचं नव्हतं. "अगं, हा मंडळाचा गणपती, घरचा नव्हे," अशी मीच तिची समजूत घातली. माझा हेतू चांगला होता. माणसांत राहिली तर बरं वाटेल, असं मला वाटलं. शाळेच्या हॉलमध्ये तीनशे माणसं, ढोल-ताशे, लेझीम. मी तिला पंधरा-वीस जणांना तरी भेटवलं. प्रत्येकाने वडिलांची चौकशी केली. ती सगळ्यांना नमस्कार करत होती. घरी आल्यावर ती तिच्या खोलीत गेली, ती जेवायलाही बाहेर आली नाही.

पुढचा महिनाभर तेच चाललं. विचारलं तर "बरी आसंय" एवढंच. आणि मी दर शनिवारी नवा बेत आखत होतो. नायगारा, वॉशिंग्टन, मंदिर, सीनियर लोकांचा क्लब. एक्सेल शीटच केली होती म्हणा ना.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी एक कॉपरबँड बटरफ्लायफिश मागवला. पांढऱ्या अंगावर तांबूस-पिवळे उभे पट्टे, मागच्या बाजूला डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि तोंड चिमट्यासारखं लांब, प्रवाळाच्या फटीतले किडे टिपण्यासाठी. माझ्या टाकीत ऐपटेशिया नावाचं उपद्रवी फूल वाढलं होतं, ते हा खातो म्हणून आणला. हा मासा नाजूक म्हणून प्रसिद्ध आहे. प्रवासानंतर तो खातच नाही आणि उपाशी मरतो, अशीच त्याची ख्याती.

या वेळी मी तयारी केली होती. विक्रेत्याला आधीच विचारून घेतलं की त्यांच्याकडे पाण्याची क्षारता किती. समुद्रात ती साधारण १.०२५ असते, त्यांच्याकडे १.०२० होती. मग वेगळ्या टाकीतलं पाणी मी १.०२० वरच ठेवलं. टाकीच्या तीन बाजूंना गणपतीच्या मखरातून उरलेला काळा कागद चिकटवला. दिवे बंद. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे तापमान सारखं झालं. मग पिशवी उघडली आणि दोन मिनिटांच्या आत मासा एका लहान डब्याने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी सिंकमध्ये. जाळं मुद्दाम वापरलं नाही, त्यात त्याचे काटे अडकतात.

टाकी आईच्या खोलीशेजारच्या स्टडीत होती. आई पहाटे चारला उठते, तिकडेही आणि इकडेही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बघायला गेलो, तर ती अंधारात टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलेली. मासा पाइपच्या मागे कोपऱ्यात. रंग उडालेला. कल्ले भराभर हलत होते. मी घड्याळ लावून मोजले, मिनिटाला शंभराच्या वर.

"तेका काय झालाहा?" आईने विचारलं.

मी तिला सांगितलं. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, कारण बाहेर मीठ जास्त. म्हणून तो समुद्रात राहूनही पाणी पीत असतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतो. घाबरला की हा हिशेब बिघडतो. रोगाशी लढायची ताकदही कमी होते. म्हणजे पाण्यात असूनही तो आतून सुकत जातो.

"मगे आता काय करूचा?"

"काही नाही. अंधार, स्वच्छ पाणी आणि वाट बघायची."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग माशाकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या गणपतीत माझो पण श्वास असोच चलत होतो."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. माशासाठी मी मखराचा कागद लावला, पाण्याचं मीठ मोजून ठेवलं, आणि आईला चौथ्या दिवशी ढोल-ताशात नेऊन सोडलं. २००३ साली मी स्वतः इथे उतरलो तेव्हा एअरपोर्टवर नागपूरचा एक सीनियर न्यायला आला होता. त्याने वरण-भात वाढला, खोलीचे पडदे ओढले आणि म्हणाला, "झोप. बँक, फोन, कॉलेज, सगळं उद्या." त्या झोपेचे उपकार मी वीस वर्षं मानत आलो. आणि मालवणहून आलेल्या आईच्या वेळी मात्र नेमका ते विसरलो.

माशाला खायला घालणं हे पुढचं संकट. फ्रोझन मायसिस ही बारीक कोळंबी त्याने हुंगलीसुद्धा नाही. तीन दिवस झाले. जाणकार सांगतात की अशा वेळी ताजं शिंपलं अर्धं उघडून ठेवावं. म्हणून मी कोरियन दुकानातून डझनभर क्लॅम्स आणले आणि सुरी घेऊन सिंकपाशी झटापट करू लागलो. आई मागे येऊन उभी राहिली.

"ह्ये तिसरे रे! आणि असे उघडतत?"

तिने मला बाजूला केलं. आपल्याकडे तिसऱ्या आडोळीवर उघडतात. आडोळी इथे नव्हती. मग तिने त्या चांगल्या धुतल्या आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या. सकाळी काढून ठेवल्यावर त्या आपोआप थोड्या उघडल्या. गोठवल्याने त्यांच्यातून रोग यायची भीतीही कमी होते, हा आणखी एक फायदा. एक शिंपी मांसासकट ठेवायची आणि दुसरी फेकायची. मालवणी माणसाला हे सांगायला नको, ही तर आपली एकशिपी. फक्त वाटप घातलं नाही.

मी शिंपी टाकीत ठेवली आणि काचेला नाक लावून बसलो. एक तास गेला, दोन तास गेले. मासा हलेना. पाणी खराब होईल म्हणून शिंपी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा आई म्हणाली, "तू बघतस म्हणान तो खाणा नाय. नवीन जाग्यार इल्यावर कोणाक भूक लागता? तेका जरा ऱ्हवांदे." आणि मला खोलीबाहेर काढून तिने दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बघितलं तर शिंपीतलं मांस एका कडेने कुरतडलेलं होतं. आई स्वयंपाकघरात होती. उरलेल्या तिसऱ्यांची एकशिपी शिजत होती. ती आल्यापासून स्वतःहून केलेला तो पहिला स्वयंपाक.

मी एक्सेल शीट बंद केली. शनिवारचे सगळे बेत रद्द केले. पाहुणे येणार असतील तर आधी तिला विचारायचं आणि ती नको म्हणाली की नको. पाण्याचं मीठ सहा दिवसांत थोडं थोडं वाढवत १.०२५ वर नेलं. रोज अमोनिया तपासायचा, चौथा हिस्सा पाणी बदलायचं. आठवड्याभरात कल्ल्यांचा वेग मिनिटाला सत्तरच्या आसपास आला, पट्ट्यांवर रंग चढला. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास मासा मोठ्या टाकीत गेला.

आईचं इतक्या झटपट झालं नाही आणि पुरतं झालंही नाही. ती रडायची, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. पण नोव्हेंबरात ती एकटी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागली. जानेवारीत तिनेच विचारलं, "तुमची संक्रांत कधी आसा?" कार्यक्रमात ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि अर्ध्या तासाने म्हणाली, "चल झिला, आता जावया." आम्ही लगेच निघालो. फेब्रुवारीअखेर ती वर्षश्राद्धासाठी मालवणला परतली आणि तिकडेच राहिली. ते तिचं पाणी आहे.

एक कबुलीही द्यायला हवी. क्लाउनफिश आता सर्रास टाकीत पैदास केलेले मिळतात. पण कॉपरबँड बहुतेक वेळा समुद्रातूनच धरलेला असतो. आई पहाटे त्याच्यासमोर बसलेली पाहिल्यापासून मी दुसरा मागवलेला नाही.

मंडळात दर वर्षी नवी माणसं येतात. विद्यार्थी, नवी नवरी, नातवंडांना सांभाळायला आलेले आई-वडील. आपण हौसेने त्यांना हॉलच्या मधोमध नेतो आणि सगळ्यांची ओळख करून देतो. तो जिव्हाळाच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. फक्त एक विनंती. त्यांना आधी दाराजवळची खुर्ची द्यावी आणि जेवले का हे विचारून थोडं बाजूला व्हावं.

दर शनिवारी मी डझनभर तिसऱ्या आणतो. दहा आमच्या, दोन त्याच्या. आईचा फोन आला की ती आधी विचारते, "खाता मां?" तो चौकशी कोणाची करतेय ते मी विचारत नाही. मी "खाता" म्हणतो.