हिशेबाच्या शेजारचे कागद

गोपीनाथ मुंडे २०१३ च्या जूनमध्ये मुंबईतल्या एका पुस्तक प्रकाशनात बोलून गेले, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब होता १९ लाखांच्या आसपास. निवडणूक आयोगाची नोटीस गेली, खुलासे झाले. आकडा ऐकून महाराष्ट्रात फारसं कुणी चकित झालं नव्हतं. तो माईकवर बोलला गेला, याचंच नवल.

माझी नोकरी नगरपालिकांच्या लेखा विभागात गेली. निवडणूक आली की आम्हा लेखावाल्यांची ड्यूटी हटकून खर्च पथकात लागायची. निवृत्तीनंतर माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला लोकांना मदत करतो. त्यातला एक प्रकार नेहमीचा. वॉर्डातली चार तरुण मंडळी येतात, नगरसेवकाच्या निवडणूक खर्चाची प्रत मागवतात. प्रत येते. बेरीज बरोबर, व्हाउचरं क्रमाने लावलेली, एकूण खर्च मर्यादेच्या बराच आत. मंडळी हिरमुसतात. मी त्यांना सांगतो, की लेखापरीक्षक एकच वही वाचून आक्षेप काढत नाही; तो दुसऱ्या वहीशी ताळमेळ घालतो. उमेदवाराचा हिशेब उमेदवाराने लिहिलेला असतो. त्याच्या शेजारचे कागद सरकारने लिहिलेले असतात. मागायचे ते हे.

आधी थोडा कायदा. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये महाराष्ट्रात तो स्थापन झाला. लोकसभा-विधानसभा घेणारा दिल्लीचा आयोग वेगळा. खर्चाची मर्यादा राज्य आयोगच ठरवतो. मुंबईच्या नगरसेवकपदाच्या उमेदवाराला २०१७ मध्ये १० लाखांची मर्यादा होती, ती आता १५ लाख आहे. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी २५ हजार होती, ती ४० हजार झाली. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही. त्यासाठी ‘ट्रू व्होटर’ नावाचं ॲपही आहे.

हिशेब दिलाच नाही तर? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब नुसार पाच वर्षं अपात्रता. यातली मेख नीट पाहा. कलमाची भाषा ‘वेळेत आणि ठरवून दिलेल्या पद्धतीने’ हिशेब न देण्याबद्दल आहे. तो खरा असावा, हे त्यात स्वतंत्रपणे कुठेच म्हटलेलं नाही. परिणाम मी जवळून पाहिला आहे. अपात्रतेच्या याद्यांत भरणा असतो तो पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या, हरलेल्या, कागदपत्रांची सवय नसलेल्या माणसांचा. राखीव जागेवर घरच्यांनी उभ्या केलेल्या बायकांचा. ज्याच्या पदरी सनदी लेखापाल आहे, त्याचा हिशेब मुदतीच्या आत आणि रुपया-पैशाला जुळलेला. अपात्रता रद्द करण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण तसा अर्ज करता येतो हेही त्या बायांना ठाऊक नसतं.

आता खोटा पण वेळेवर दिलेला हिशेब. त्याचं गाजलेलं उदाहरण विधानसभेचं आहे. २००९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला ५,३७९ रुपये आणि केबलवरच्या जाहिरातींचा १,५०० रुपये. त्याच दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारभाराचे गोडवे गाणारी पानंच्या पानं आली होती. काही मजकूर तर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः एकच होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे मांडलं. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर दिल्लीच्या आयोगाकडे गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मे २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हिशेब आला की नाही एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोगाला तपासता येतं. पुढे आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला. तरी सर्वोच्च न्यायालयाचं तत्त्व राहिलं. ज्या कलमावर तो निकाल आहे, त्याची भाषा १४ ब शी मिळतीजुळती आहे. स्थानिक निवडणुकीतल्या तक्रारीला तो निकाल जोडावा, असं मी आवर्जून सांगतो. आणि एक लक्षात घ्या: तिथे हिशेबाशेजारी ठेवायचा कागद पेपरवाल्याने घरोघरी टाकलेला होता.

वॉर्डात तो कागद शोधावा लागतो. सभेसाठी मैदान घेतलं, तर भाड्याची पावती पालिकेच्या वहीत असते. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यात. प्रचाराच्या गाड्यांचे परवाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, क्रमांकासकट. फलकांची परवानगी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात. सभा-मिरवणुकांचं चित्रीकरण व्हिडिओ पथकाकडे. शिवाय दरपत्रक: चहा, वडापाव, फेटा, ढोल-ताशा, मांडव, खुर्ची, जीप, यांचे दर निवडणूक यंत्रणा आधीच ठरवून देते. समजा, हिशेबात दोन गाड्या आहेत आणि परवाने सहा गाड्यांचे निघालेत. उरलेल्या चार गाड्या गुणिले दिवस गुणिले दरपत्रकातला दर, हे गणित दहावीचं पोरगंही करील. आक्षेप तयार झाला, आणि त्यातला प्रत्येक आकडा सरकारी.

अर्ज कसा लिहायचा? महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेपर्यंत. म्हणून हिशेबाचा अर्ज वेगळा, गाड्यांच्या परवान्यांचा वेगळा, मैदानाच्या पावत्यांचा वेगळा. प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. कारण लिहायची गरज नाही. कायद्याचं कलम ६(२) तसं सांगतं. ‘खर्च कमी का दाखवला?’ असं तर मुळीच विचारू नये. ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलं आहे, आणि जन माहिती अधिकारी अशा प्रश्नांची वाटच पाहत असतात. कागदाचं नाव, प्रभाग, तारखा, एवढं पुरे. निवडणूक निर्णय अधिकारी निकालानंतर मूळ जागी परततो आणि कागद कुठे गेले ते कुणी सांगत नाही. तरी अर्ज चुकीच्या टेबलावर पडला, तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढे कागद फुकट द्यावे लागतात. पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लवकर लागेल या भरवशावर मात्र राहू नये. त्यापेक्षा सोमवारचा उपयोग करावा. शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला मिळतात. वही समोर असली की नेमकं पान मागता येतं. जो कारकून अर्जाला वळसा घालतो, तोच समोर बसलेल्या माणसाला पुष्कळदा नोंदवही उघडून देतो.

हल्ली नवं उत्तर येऊ लागलं आहे: ‘वैयक्तिक माहिती, देता येत नाही.’ डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो बदल लागू आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असं दाखवावं लागायचं. ती अट गेली. पण कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात ते कलम नाव घेऊन मांडावं. जोडीला लोकसभा-विधानसभेचा १९६१ चा नियम ८८ दाखवावा. त्यानुसार एक रुपया भरून कुणीही उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो. आमदाराचा हिशेब उघडा आणि नगरसेवकाचा मात्र खासगी, हे कुठल्या अपिली अधिकाऱ्याला पटवून देता येईल?

सगळंच कागदावर येत नाही, हेही मान्य करायला हवं. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात पदांचा लिलाव दोन कोटींवर गेला आणि नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांवर. तेव्हा सदस्यपदासाठी जास्तीत जास्त मर्यादा होती ५० हजार! अशी रक्कम कुठल्याच हिशेबात दिसत नाही. तरी आयोगाने दोन्ही गावांतली निवडणूक रद्द केली, ती चित्रफिती आणि अहवाल पाहून. पाकिटातली रोकड आणि मतदानाच्या आदल्या रात्रीचं वाटप माझ्या पद्धतीने सापडत नाही. सापडतो तो उघड्यावर झालेला आणि तरीही लपवलेला खर्च. शेकडो लोकांनी पाहिलेली सभा हिशेबात नसते, तेव्हा बाकीच्या हिशेबावर किती विसंबायचं ते कळतं.

हे काम नागरिकाने अर्ज करून करावं लागतं, हीच मुळात उणीव आहे. माहिती अधिकाराचं कलम ४ माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगतं. प्रभागवार हिशेब, परवान्यांची यादी आणि दरपत्रक संकेतस्थळावर एकाच पानावर टाकायला आयोगाला नवा कायदा लागत नाही. खोट्या हिशेबासाठी अपात्रतेचं स्पष्ट कलम घालायला मात्र विधिमंडळ लागेल, आणि तिथे बसलेले बरेच जण याच पायऱ्या चढून आलेत. म्हणून तूर्त अर्जच. २९ महापालिकांचं मतदान यंदा १५ जानेवारीला झालं. त्यांचे हिशेब दाखल होऊन आता काही महिने लोटले आहेत. निवडणुकीचे कागद कायमचे जपले जात नाहीत, मुदत संपली की त्यांची विल्हेवाट लागते. तेव्हा पहिला अर्ज हिशेबाचा करू नका. तो कुठे जात नाही, उमेदवाराकडेही त्याची प्रत असते. पहिला अर्ज गाड्यांच्या परवान्यांचा करा.