शंभर चेंडू की तीस?



सुक्कोथच्या सुट्टीत आम्ही दोघं लेकीकडे ओर अकिवाला गेलो होतो. ओर अकिवाला लागूनच कैसरिया. हेरोद राजाचं बंदर, रोमन नाट्यगृह, वाळूत उभ्या असलेल्या पाण्याच्या कमानी, हे सगळं आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिलं असेल. पण तिथलं गोल्फचं मैदान किती जणांनी पाहिलंय? इतक्या वर्षांत आम्हीही नव्हतं पाहिलं. गोल्फ म्हणजे मोठ्या साहेबांचा खेळ, मुंबईत चेंबूरला कुंपणाबाहेरून पाहिलेला, एवढीच आमची ओळख.

हे मैदान १९६१ साली सुरू झालं. २००९ साली पीट डाय ह्या नामांकित अमेरिकन आखणीकारानं ते नव्यानं आखून दिलं. अठरा होलचं असं पूर्ण मैदान आपल्या देशात हे एकच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इस्रायलतर्फे खेळलेली लेटिशिया बेक कैसरियातच लहानाची मोठी झाली.

आमचा नातू तेरा वर्षांचा. दोन वर्षं शिकतोय. गेल्या स्पर्धेत त्याचा नंबर अगदी शेवटून लागला, तेव्हापासून तोंड पाडून होता. "सावता, आज शेवटचं. उद्यापासून नाही खेळणार," म्हणाला. सरावाच्या जागी जाऊन त्यानं शंभर चेंडूंची बादली घेतली आणि सगळ्यात लांब काठी घेऊन धपाधप मारत सुटला. एक चेंडू डावीकडे, एक उजवीकडे. घामाघूम झाला पोरगा.

त्याचे शिक्षक मागे उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आत्ताचा चेंडू कुठे मारायचा होता?" नातू गप्प. कुठेच मारायचा नव्हता, नुसता मारायचा होता!

मग त्यांनी उरलेल्यातले तीसच चेंडू ठेवले आणि बादली बाजूला सारली. आधी अंग मोकळं करायला लावलं, छोट्या काठीनं हलके फटके. मग प्रत्येक चेंडूला एक निशाण: ते झाड, तो झेंडा. चेंडूच्या मागे उभं राहून निशाण बघायचं, श्वास सोडायचा, मगच पुढे यायचं. दर वेळी काठीही बदलायची नि निशाणही, कारण मैदानावर तोच फटका लागोपाठ दहा वेळा कधी येतच नाही.

पुढे म्हणाले, निम्मा वेळ छोट्या फटक्यांना द्या. बहात्तर फटक्यांचं मैदान असेल तर त्यातले छत्तीस होलजवळच्या गवतावर हळूच ढकलायचे धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. पण लांब मारण्यात मजा येते, म्हणून मुलं तेच करत बसतात. एक मीटरवरून दहा चेंडू ढकला, किती आत गेले ते वहीत लिहा. आणि दमलात की थांबा. दमलेलं अंग चुकीचंच शिकतं.

हे ऐकून आम्हाला आमचे शिकण्याचे दिवस आठवले. इंजेक्शन द्यायला आम्ही नर्सेस आधी संत्र्यावर शिकलो. सिस्टर शंभर वेळा टोचायला लावत नसत. "दहाच वेळा, पण समोर माणूस आहे असं समजून," म्हणत.

आता खरी गोष्ट. आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा हलका झटका आला, उजवा हात लुळा पडला. दाबायला रबरी चेंडू मिळाला. टीव्ही बघता बघता शंभर वेळा दाबायचे. काही महिन्यांनी कंटाळले, "फरक पडत नाही," म्हणून चेंडू कपाटात गेला. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या पेशंटना व्यायाम करायला लावला, पण घरच्या पेशंटपुढे हात टेकले होते.

त्या दिवशी नातवानं आपली काठी ह्यांच्या हातात दिली. "साबा, दहा चेंडू. मी मोजतो." एक आत गेला. दुसऱ्यांदा दहा, तेव्हा दोन. "आणखी दहा," हे स्वतःच म्हणाले. नातूच म्हणाला, "आज बस, हात दमला तुमचा."

घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून आम्ही तसंच सुरू केलं. गालिच्यावर आडवा पेला, दहा चेंडू. मग दहा बटणं डबीतून वाटीत टाकायची. रोजचा आकडा कॅलेंडरवर. काल पेल्यात सहा गेले. शर्टाचं गळ्याचं बटण मात्र अजून आमच्याच हातानं लागतं. लपवायचं कशाला?

नातू खेळतोय. नंबर अजून मागेच आहे, पण वही भरत आली.

बाळांनो, तबला असो, गणित असो की गोल्फ, आधी निशाण ठरवा, थोडंच करा, मोजा आणि लिहून ठेवा. आणि आमच्या वयाच्या मंडळींनो, तुमचाही रबरी चेंडू कपाटात पडला असेल, तर आजच बाहेर काढा. नातवंडांना मोजायला बसवा. ती आपल्याला सोडत नाहीत!