परगावची पहाट

कॉलेजातल्या नोकरीत बदली नसली तरी प्रवास चुकत नाही. पेपर तपासणी, तोंडी परीक्षा, स्क्वाड ड्युटी, चर्चासत्र, रिफ्रेशर कोर्स असे काही ना काही निघत राहते आणि वर्षातले तीस-पस्तीस दिवस तरी बॅग भरलेलीच असते. पळण्याचा नेम बेळगावात पाळणे त्या मानाने सोपे. व्हॅक्सिन डेपोचे मैदान जवळ, झाडे ओळखीची, रोज भेटणारी माणसे ओळखीची. एक दिवस दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारणारे चारजण असतात. खरी परीक्षा परगावी होते. तिथे विचारणारे कोणी नाही, गादी परकी, रस्ता परका आणि 'आज राहू दे' म्हणायला मन तयारच असते.

तरीही मी राहू देत नाही, त्याला कारण आहे. माझ्या आईला पंचेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. आधी गोळ्या, मग इंजेक्शने, मग पायाची जखम न भरणे, हे सगळे आम्ही घरात पाहिले. डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "फिरत जा." आई मान डोलवायची आणि घरी येऊन सात माणसांच्या भाकरी थापायला बसायची. दिवसातला अर्धा तास तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. आज मी तिच्या त्याच वयाला पोचले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोरकस व्यायाम सांगते. माझा नेम आठवड्यातून चार वेळा अर्धा तास सावकाश पळण्याचा. पेपर तपासणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची आणि दर दोन तासांनी साखरेचा चहा. म्हणजे नेम मोडण्याची सोय जिथे जास्त, तिथेच त्याची गरजही जास्त.

इतक्या वर्षांत काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. बूट जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बॅगेत सर्वांत आधी जातात, साड्या नंतर. परगावी अंतर मोजायचे नाही, वेळ मोजायची. पंधरा मिनिटे सरळ जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, म्हणजे चुकायला होत नाही. रात्रभर बसने आल्यावर त्या सकाळी पळायचे नाही, नुसते चालायचे. कुत्री अंगावर आली तर पळणे थांबवून शांतपणे चालू लागायचे.

आणखी एक गोष्ट लिहायला आवडत नाही, पण खरी आहे. अनोळखी गावात बाईमाणसाला अंधारात पळता येत नाही. म्हणून मी उजाडण्याची वाट पाहते आणि आदल्या रात्रीच गेस्ट हाऊसच्या वॉचमनला विचारून ठेवते. 'पळायला कुठे जाऊ?' असे विचारले तर तो गोंधळतो. "मुंजाने वाकिंगिगे हेण्णमक्कळु एल्लि होगतार्री?" असे विचारले की उत्तर हमखास मिळते. ज्या वाटेने गावातल्या बायका सकाळी फिरायला जातात, ती वाट परगावच्या बाईलाही चालते.

धारवाडच्या खेपा सर्वांत जुन्या. पूर्वी आमच्या परीक्षांचे सगळे काम तिथल्या कर्नाटक विद्यापीठाकडे असे. 1949 साली मुंबईत स्थापन होऊन मग धारवाडला आलेले हे विद्यापीठ उंचावर वसले आहे. आवारातले रस्ते चढउताराचे, दोन्ही बाजूंना झाडे. पावसाळ्यात तिथली भुरभुर अंगावर घेत चढ चढायचा म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच धाप लागते. पण उतारावर ज्या गतीने पाय पडतात, त्याने चढाचे सगळे उसने फिटते. शेजारून जाणारे निवृत्त प्राध्यापक "सावकाश री, सावकाश" म्हणत हसतात.

एकदा मुक्काम लांबला, तेव्हा साधनकेरीकडे गेले. द. रा. बेंद्रे यांचे घर तिथे आहे. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, पण ते कन्नडचे थोर कवी झाले. सोलापूरच्या कॉलेजात 1956 पर्यंत त्यांनी कन्नड शिकवले आणि 'नाकु तंती' या संग्रहासाठी त्यांना 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. घरात एक आणि दारात एक भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे घर वेगळे सांगावे लागत नाही. मी कुंपणाशी दोन मिनिटे उभी राहिले आणि परत फिरले. चर्चासत्राच्या निमित्ताने धारवाडला कितीदा गेले होते, पण त्या घरापर्यंत पाय वळले ते पळताना.

2010 मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, तशा माझ्या धारवाडच्या खेपा कमी झाल्या आणि विजापूरच्या वाढल्या. 2014 पासून त्याचे नाव विजयपूर, पण आमच्या घरात ते विजापूरच, कारण ते आईचे माहेर. इथली जमीन सपाट, चढाचे नाव नाही, पण ऊन कडक. मे महिन्यात पावणेसहाला निघावे लागते. साडेसातनंतर रस्ता तापतो आणि नेम शिक्षा होऊन बसतो. गोलघुमटाच्या बाजूने निघायचे आणि गांधी चौकावरून बाराकमानीकडे जायचे. महंमद आदिलशहाच्या गोलघुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर. परत येताना त्याच्याकडे तोंड करून पळावे, तर बराच वेळ तो जवळ येतच नाही. दुसऱ्या अली आदिलशहाची बाराकमान तर अर्धीच राहिली. उघड्या आभाळाखाली त्या कमानी पाहिल्या की अपुरे राहिलेले कामही किती देखणे असू शकते ते कळते.

एका सकाळी वाटेतल्या गल्लीत एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. घरात रोट्टी थापण्याचा आवाज चालू होता. मला पळताना पाहून तिने हाक मारली, "यार मनी मगळव्वा नी?" कोणाच्या घरची लेक गं तू? हा प्रश्न मला कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी थांबले. आजोळचे आडनाव सांगितले, गल्ली सांगितली. तिला काही ते घर आठवेना. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "हंगार नम्मूर मगळ बिडु." मग तू आमच्याच गावची लेक. तिने तांब्याभर पाणी दिले. चहाही विचारला. मी "सक्करी बेड अव्वा" म्हटले, तशी ती म्हणाली की मलाही साखर आहे, मीही बिनसाखरेचाच घेते. आईच्या गावात आईच्याच दुखण्यावर बोलत मी दहा मिनिटे बसले. त्या दिवशीचे पळणे वीसच मिनिटांचे झाले.

रिफ्रेशर कोर्ससाठी म्हैसूरला दोन आठवडे होते, तिथे मात्र चैन होती. मानसगंगोत्री आवाराला लागूनच कुक्करहळ्ळी तळे आहे. मुम्मडी कृष्णराज वडेर यांच्या काळात, 1864 साली ते बांधले. भोवतीची पायवाट पाच किलोमीटरच्या आसपास भरते. पाण्यात पेलिकन, झाडांवर चित्रबलाक. 1956 ते 1960 या काळात विद्यापीठाचे कुलगुरू असलेले कुवेंपू इथे फिरायला येत. मानसगंगोत्री हे नावही त्यांनीच दिलेले.

तिसऱ्या दिवशी वाटेत दोघी बहिणी भेटल्या. किती वाजले हे मी विचारले, आणि त्यातली थोरली लगेच म्हणाली, "हुब्बळ्ळी कडेयवरा?" माझ्या एका 'री'ने घात केला होता! म्हैसूरकडे 'बन्नि' म्हणतात, आपण 'बर्री' म्हणतो. गंमत पाहा. आपल्या सीमाभागात नाव सांगितले की पाठोपाठ घरची भाषा मोजली जाते. तिथे मला कोणी मराठी म्हणून ओळखले नाही, ओळखले ते उत्तरेकडची कन्नड बोलणारी म्हणून. बेळगावात ज्या कन्नडला मराठी वळण आहे असे हसून सांगतात, तीच तिथे माझ्या गावाची खूण ठरली. मला बरे वाटले. उरलेले दिवस त्या दोघी माझ्यासाठी फाटकाशी थांबत.

पणजीला कांपालहून मिरामारपर्यंतचा रस्ता सुरेख, पण बेळगावच्या अडीच हजार फूट उंचीवरून खाली समुद्राकाठी आलेल्या माणसाला तिथली दमट हवा पहिल्याच मैलात दमवते. अशा ठिकाणी गती कमी करावी, लाज बाळगू नये.

वाचक भगिनींना एवढेच सांगते की कामानिमित्त बाहेर पडाल तेव्हा बॅगेत बुटांपुरती जागा ठेवा. पळणे जमत नसेल तर चाला. दिवसभर आपण परगावी कोणाच्या तरी कामासाठी असतो. सकाळचा अर्धा तास मात्र आपला असतो आणि तेवढ्यात ते गावही थोडे आपले होते.

पुढच्या महिन्यात कलबुर्गीला तोंडी परीक्षा आहे. तिथे बायका सकाळी फिरायला कुठे जातात, हे कोणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवावे.