पसरणीचा घाट आणि सायकलची बैठक

पुण्याहून पाचगणीला सायकलने जायचे असेल, तर पहाटे पाचच्या सुमारास घर सोडावे. जुन्या कात्रज घाटाला लागेपर्यंत वाहने तुरळक असतात आणि बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरताना पूर्वेला उजाडू लागते. शिरवळपाशी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. पुढे खंबाटकी, सुरूर फाट्यावर उजवीकडे वळण, मग वाई आणि वाईनंतर पसरणीचा घाट. सारे मिळून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. हा रस्ता पायांची परीक्षा घेतो, असे तुम्हांला पुष्कळ जण सांगतील. माझा अनुभव असा, की पायांच्या आधी तो बैठकीची परीक्षा घेतो.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पहिली रोड बाइक घेतली. तिची अरुंद, टणक सीट पाहून जीव दडपला. दुकानातून जाड जेलची रुंद सीट आणली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि समाधान पावलो. कात्रज चढेपर्यंत ती खरोखरच गादीसारखी वाटली. परंतु कापूरहोळ ते शिरवळ या पट्ट्यात रस्ता बराचसा सरळ आहे. उठून पेडल मारण्याचे निमित्तच मिळत नाही. खंबाटकीच्या पायथ्याशी आलो तेव्हा मांड्यांमधील नाजूक भाग बधिर झाला होता. दुखत नव्हते, आणि नेमके तेच मला बरे वाटले! वाईला कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या समोर, अर्धा तास बसून राहिलो तरी संवेदना पुरती परतली नाही. तसाच पसरणी चढलो. तो बधिरपणा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला. घरी कोणाला सांगितले नाही. काय आणि कसे सांगणार? आठवडाभर मनात भलभलत्या शंका घेऊन वावरलो आणि मग डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी जे समजावले, ते तुम्हीही समजून घ्यावे. सायकलवर बसल्यावर शरीराचा भार नितंबांतील दोन हाडांनी पेलायचा असतो. पाटावर बसताना जी टोचतात, तीच ही हाडे. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांमधील भागातून मात्र महत्त्वाचे मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. भार सोसण्यासाठी तो भाग घडलेलाच नाही. सीट फार मऊ असली की हाडे तिच्यात रुततात, मधला उंचवटा वर येतो आणि नेमक्या त्याच भागावर दाब पडतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने पुढचे टोक नसलेल्या सीट वापरायला दिल्या होत्या. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा अजिबात न जाणवलेल्यांचे प्रमाण 27 टक्के होते. प्रयोगानंतर ते 82 टक्क्यांवर गेले. तशी सीट प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणत नाही. रोड बाइकवर पुढचे टोक तोल सावरायला उपयोगी पडते. पण बधिरपणा हा सवयीने जिरवण्याचा त्रास नव्हे, एवढे त्यावरून कळते. तो जाणवला की थांबावे, उतरावे. उतरल्यावरही रेंगाळत असेल किंवा वारंवार होत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे. स्त्रियांनाही हा त्रास होतो. त्या बोलत नाहीत, इतकेच.

नवी सीट घेण्यापूर्वी घरी एक माप घ्या. दगडी पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर बसा, टाचा उचलून गुडघे किंचित वर घ्या आणि पुढे वाका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजा आणि त्यात दोन ते अडीच सेंटिमीटर मिळवा. सीटची रुंदी साधारण तेवढी असावी. माझे अंतर 115 मिलिमीटर भरले, पत्नीचे 130. ती तोवर माझ्याच सायकलवर, माझ्याच सीटवर बसून ‘मला हे जमणार नाही’ म्हणत होती! मी 143 मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सीट घेतली. तिने स्वतःच्या सायकलसाठी 155 ची. शक्य असेल तर दुकानदाराकडून आठ-दहा दिवस वापरून परत करण्याची मुभा मागून घ्या. पाच मिनिटांच्या फेरीत प्रत्येक सीट चांगलीच वाटते.

तरीही अर्धे काम बसवण्यात असते. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल, तर सीट उंच आहे. टोक वर झाले तर दाब वाढतो आणि फार खाली झुकले तर शरीर घसरून सारा भार तळहातांवर येतो, बोटांना मुंग्या येतात. सपाटीपासून सुरुवात करावी, एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवावे आणि आधीची जागा पेनाने खुणावून ठेवावी. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी आत दुसरे काही न घालता वापरावी आणि दर वेळी धुवावी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे त्याच रस्त्याने गेलो. पसरणीचा घाट बारा किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटर उचलतो. म्हणजे चढ सरासरी पाच टक्क्यांचा. कोनात मोजला तर जवळजवळ तीन अंश. घरच्या फरशीवर सपाट बसवलेली सीट येथे तेवढीच मागे कलते आणि तिचे टोक वर येते. म्हणून मी एक अंशभर टोक आधीच खाली घेतले होते. शिवाय दर दहा मिनिटांनी, एखादे वळण गाठून, वीस-पंचवीस पेडले उभ्याने मारायची असे ठरवले होते. पत्नी वळणे मोजत होती, मी विसरलो की हाक मारत होती. मागे वाईची घरे लहान होत गेली, कृष्णेचे खोरे उघडत गेले आणि वर पोहोचल्यावर धोमचे पाणी दिसले. पाय भरून आले होते. बाकी सारे जागच्या जागी होते. चहा घेताना तिने बाकावर बसून पाहिले आणि हसून म्हणाली, “टेकता येतंय हं!”

ती जेलची रुंद सीट मी टाकली नाही. आईच्या जुन्या, उंच हँडलच्या सायकलवर ती बसवली आहे. त्या सायकलवर पाठ ताठ ठेवून बसायचे असते, भार मागे पडतो आणि मंडईचा फेरा वीस मिनिटांचा असतो. तेथे ती उत्तम चालते.