कुलूप कोणी उघडायचं?

कॉलेजात असताना शनिवारी रात्री आम्ही चौघं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. नियम २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे, कोणाच्या तरी दादाच्या जुन्या पुस्तकातले. मी जादूगार, रूममेट चोर. चोराला कुलूप उघडायला फासे टाकावे लागायचे. माझ्याकडे 'नॉक' मंत्र. म्हटला की दार उघडं! मी उघडतच सुटलो. एक दिवस तो म्हणाला, "अरे, मग मी येतो कशाला?" आणि यायचाच बंद झाला.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र तोच, पण म्हटला की ३०० फुटांवर ऐकू जाईल असा ठोका वाजतो. चोर मात्र गुपचूप उघडतो. म्हणजे मुभा दोघांना, किंमत वेगळी. तेव्हा हे मला सुचायला हवं होतं.

परवा त्याला फोन केला. म्हटलं, "ये रे, कुलपं तुझी." येतो म्हणालाय. बघू!