उद्याचा पहिला धागा



आपल्या भंडारा जिल्ह्याच्या माणसाला आषाढीची वारी अवघड जाते. एक तर पंढरपूर सहाशे किलोमीटरांहून लांब, आणि दुसरे म्हणजे ऐन आषाढात बांध्यांत चिखलणी होऊन रोवणा लागतो. परे उपटून झाले आणि पाऊस लागला की घरातले कोणी हलत नाही. म्हणून आमच्याकडचे पुष्कळ माळकरी कार्तिकीला जातात आणि आषाढातला नेम घरीच पाळतात. दिंडीत चालणाऱ्याचे पाय थकले तर मागचा टाळ त्याला पुढे नेतो. घरी एकट्याने नेम धरणाऱ्याला कोण नेणार? मला हा प्रश्न वारीच्या निमित्ताने पडला नव्हता, लिहिण्याच्या निमित्ताने पडला. तुमच्यापैकी कोणी अभंग रचत असेल, कीर्तनाची टाचणे काढत असेल, मृदंगाचा हात बसवत असेल, तर तो तुम्हालाही पडलेला असणार.

मी निवृत्त शिक्षक. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग लहानपणापासून रोज म्हणत आलो. त्यांवर साध्या भाषेत, शेतकरी बायाबापड्यांना उमजेल असे विवरण लिहावे म्हणून बसलो. तिसऱ्या अभंगावर असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते, एवढेच. अक्षर आधी कडेने पुसट झाले, मग ओळीच एकमेकींत शिरू लागल्या.

तेव्हा मला आपल्या विदर्भातल्या गुलाबराव महाराजांची फार आठवण झाली. ते १८८१ साली जन्मले, अवघ्या काही महिन्यांचे असताना दृष्टी गेली, आणि १९१५ साली, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, देह ठेवला. तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ! आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवणाऱ्यांचा आणि उतरवून घेणाऱ्यांचा विचार येतो. सांगणारा कितीही थोर असो, लिहिणारा वेळेवर आला नाही तर त्या दिवशी ग्रंथ पुढे सरकत नाही. नेवाशाला सच्चिदानंदबाबा होते, तुकोबांजवळ संताजी जगनाडे होते. आपल्या संप्रदायात शब्द बहुधा दोघांच्या नेमातून उतरला आहे.

माझा लेखनिक म्हणजे माझी नात. नववीत आहे. सकाळी सहा ते पावणेसात ही आमची वेळ, कारण नंतर तिची शाळेची घाई. आधी ठरवले होते, सुचेल तेव्हा हाक मारीन. चार दिवसांत कळले की मला सुचते तेव्हा ती नसते, आणि ती असते तेव्हा मला सुचलेले नसते. मग उलटे केले. ती बसली की मी बोलायचे, सुचो न सुचो. पहिला आठवडा फार कोरडा गेला. एकदा तर ती वही मिटून म्हणाली, ‘‘आबाजी, हे तं परवाच सांगतलं तुमी.’’ खरेच होते. पण दुसऱ्या पंधरवड्यात असे झाले की पाचलाच जाग येऊ लागली, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या पहिले वाक्य जुळू लागले. मनाला वेळ कळली की ते आपणच दारात येऊन उभे राहते, गोठ्यातल्या गाईसारखे.

दुसरी सवय मी वडिलांकडून घेतली. आमचे मूळ घर कोष्ट्याचे, कोशाचे कापड विणणारे. कोशाचे किडे ऐनाच्या (आमच्याकडे येन म्हणतात) आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ढिवर मंडळी पाखरांपासून, मुंग्यांपासून दिवसदिवस त्यांची राखण करतात. कोसे उकळून बाया त्यांतून तार काढतात, आणि मग ती मागावर येते. वडील माग सोडताना कधीही तुटलेला धागा तसाच ठेवून उठत नसत. शोधून, सांधून, चार हात धोटा फिरवून पाहात आणि मगच उठत. आजच्या तुटक्या धाग्यापाशी उद्या बसायला मन येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मीही आता सगळे सांगून रिकामा होत नाही. पुढचे वाक्य ठाऊक असतानाच थांबतो आणि त्याचे दोन शब्द वहीत उतरवून ठेवायला लावतो.

एकाग्रतेचे म्हणाल तर तुकोबांना डोंगर होता. देहूजवळच्या त्या डोंगराचे नाव भंडारा असल्यामुळे लहानपणी मला तुकोबा आमच्याच जिल्ह्यातले वाटत! आपल्या वाट्याला डोंगर नाही. वडिलांना मागाचा खड्डा होता, भोवती पोरांचा गलका आणि चुलीचा धूर. तरी तार तुटल्याचे त्यांना आवाजाआधी बोटांना कळे. आज गलका कमी आणि मोबाइल जास्त. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपासून विठ्ठलाची चित्रे येतात, फुलांसकट, दिव्यांसकट. भाव चांगलाच, पण एकेक चित्र उघडत बसले तर नामाची वेळ नामाच्या चित्रांत जाते. पावणेसातपर्यंत आमचे दोन्ही फोन देवघराच्या कोनाड्यात असतात.

नाथांची पैची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कीर्तनात आपण ती रात्र रंगवतो: दिवा, जमाखर्च, एका पैची चूक सापडल्याचा आनंद आणि मागे उभे असलेले जनार्दनस्वामी. मला त्या रात्रीहून आधीचे दिवस मोठे वाटतात. रोजची नोंद रोज झालेली होती, म्हणून तर एक पै चुकल्याचे कळले. अर्धवट वहीत चूक सापडत नाही, सगळीच वही चूक असते.

त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, भागवताचा एकादश स्कंध पुरा केला. पण भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि हातून सुटले. पुढचे गावबांनी पूर्ण केले. नेम धरला की काम पुरे होतेच असे मी तुम्हाला सांगणार नाही. नाथांचे झाले नाही. पण मागे वही इतकी नीट होती की दुसऱ्याला पुढे धरता आली. माझी योग्यता ती नव्हे, तरी वहीच्या कडेला मी तारीख घालायला लावतो आणि कोणता अभंग, कोणते चरण, हे लिहायला लावतो.

सध्या एकोणिसाव्या अभंगावर आहोत. डाव्या डोळ्याने आता उजेडापलीकडे काही दिसत नाही, उजवा बरा आहे. पुढच्या वर्षी नातीची दहावी. परीक्षेच्या दिवसांत तिला बसवणे बरोबर नव्हे. सुनेला विचारून ठेवले आहे. ती म्हणाली, ‘‘साडेपाचला बसाल तं जमते बाबा, सहाला मले दूध काढाले जा लागते.’’