सायकलचं तिकीट काढलं का?

आधीच सांगून ठेवते, मी शिळफाट्याची. कल्याणजवळचा, ट्रॅफिक जामसाठी फेमस असलेला तो शिळफाटा नव्हे. आमचा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. इथून थोडं पुढे गेलं की बोरघाट सुरू. लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत आमच्या इथून जायची तेव्हा आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडायचो. बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला म्हणे 'घाटाचा राजा' किताब मिळतो. राणी का नसते, असं मी पप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आधी चढून तर दाखव!"

चढले की! सोमवार ते शुक्रवार बेलापूरचं ऑफिस. सकाळी एसटीने पनवेल, पुढे लोकल, दिवसभर एक्सेल शीट आणि बॉसचे फोन. रविवारी मात्र पहाटे सायकल काढायची आणि शिंग्रोबाच्या देवळापर्यंत घाट चढायचा. जोडीला माझी मावसबहीण. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते आणि घाटात मला सरळ मागे टाकते. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशातून तिने सेकंडहँड गिअरची सायकल घेतली आहे.

तर 2026 च्या फेब्रुवारीत आमचं ठरलं, निलगिरी! मसिनगुडीवरून उटीला चढणारा कल्हट्टीचा घाट, 36 वळणं. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालेला, म्हणजे विमान आता आमच्या पनवेललाच आलेलं. बंगळुरूचं तिकीट मिळालं 3,800 ला. सही ना? बहीण म्हणाली, "ताई, आणि सायकलचं काय?" मी अगदी प्रोफेशनल आवाजात सांगितलं, "अगं, 15 किलो सामान फ्री असतं. सायकल 11 किलोची. कसलं टेन्शन?"

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा लोच्या इथेच झाला.

सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचे दोन रिकामे खोके आणले. पुढचं चाक काढलं, हँडल वळवलं, सीट खाली केली. उजवं पेडल निघालं. डावं काही निघेना. मी पान्यावर अक्षरशः उभी राहिले. पप्पा पायरीवर बसून चहा पीत होते. तीस वर्षं कागद कारखान्यात सायकलवरून ड्युटीला गेलेला माणूस. ते उठले, पाना हातात घेतला आणि उलटा फिरवला. पेडल सुटलं. "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवताना सैल होऊ नये म्हणून. सहा वर्षं सायकल चालवतेस, आणि हे माहीत नाही?"

मग खोक्याला दोरी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "सायकलचं तिकीट काढलं का?"

मी हसले. त्यांच्या काळात सायकल एसटीच्या टपावर चढवायची आणि कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. "पप्पा, विमान आहे ते, एसटी नाही," मी म्हटलं.

ओळखीच्या टेम्पोने खोके विमानतळावर पोचले. काउंटरवरच्या मुलीने खोका पाहिला, मग मला पाहिलं आणि टेप काढली. लांबी 135 सेंटीमीटर, उंची 75, जाडी 20. बेरीज 230. "मॅडम, 158 च्या वर ओव्हरसाइज." वजन? सायकल, खोका, पंप, हेल्मेट, बूट मिळून 16 किलो. शिवाय कपड्यांची सॅक 6 किलो. म्हणजे 22. फ्री 15. जादा वजनाचे वेगळे, आकाराचे वेगळे. एकेकीचे साडेचार हजार.

तिकिटापेक्षा सायकल महाग!

मी वाद घातला, अर्थात. मागे लाइन वाढत होती. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "ऑनलाइन आधी घेतलं असतं तर कमी पडलं असतं." माझी बहीण काहीच बोलली नाही. पर्स उघडून तिने आतल्या नोटा मोजल्या. क्लीटवाल्या बुटांसाठी जमवलेले सहा हजार होते ते. मग एवढंच म्हणाली, "ताई, तू तर फ्री आहे म्हणाली होतीस."

दोघींचे पैसे मी कार्डावर भरले. ती ऐकेना, दर महिन्याला फेडणार म्हणाली. विमानात तिने खिडकीची सीट मला दिली आणि बंगळुरूपर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती, हे मला माहीत होतं.

उटीच्या होमस्टेत रात्री मी मोबाइल घेऊन बसले. भांडणासाठी मुद्दे शोधायला म्हणून, आणि थोडी शहाणी झाले. 158 हा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही. 62 इंच म्हणजे 158 सेंटीमीटर. मोठ्या सूटकेसची ही मर्यादा जगभर चालते. एका नगाला साधारण 32 किलोची मर्यादा असते, ती सामान उचलणाऱ्या लोडरच्या पाठीसाठी. आणि सायकल हलकी असली तरी जागा खाते. एअर कार्गोत लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 6000 ने भागतात. माझ्या 16 किलोच्या खोक्याचं त्या हिशेबाने वजन होतं जवळपास 34 किलो! विमानाच्या पोटात तेवढ्या जागेत दोन-तीन सूटकेस मावतात. म्हणजे पैसे मागणं अगदीच अन्यायाचं नाही.

आपल्याकडे 2013 मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना सीट, जेवण, सामान, वाद्यं आणि खेळाचं साहित्य यांचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली. 2016 च्या जुलैपासून 15 ते 20 किलोमधल्या जादा वजनाला किलोमागे 100 रुपयांची मर्यादा आली. पण 2017 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली. तिकडे अमेरिकन एअरलाइन्सने मात्र 2019 च्या मे महिन्यात सायकल, सर्फबोर्ड वगैरेंवरचा 150 डॉलरचा ओव्हरसाइज आकार काढून टाकला. वजन मर्यादेत असेल तर साध्या बॅगेचेच पैसे. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

पण माझी चिडचिड पैशांवर नव्हतीच. खेळाला लागणारा हा खर्च कुणी आधी सांगत नाही. सायकलची किंमत सांगतात, हेल्मेटची सांगतात, डाएट सांगतात. सायकल चार गावं पलीकडे न्यायला किती पडतील, ते काउंटरवर कळतं. मला ईएमआयसारखं वाटून ते विसरता येतं. ट्यूशनच्या पैशांवर खेळणाऱ्या पोरीला नाही येत. ती पुढच्या वेळी येतच नाही. आणि आपण म्हणतो, पोरीने प्रॅक्टिस सोडली वाटतं.

विमानातच असं होतं असंही नाही. 2026 च्या जानेवारीतच पनवेल स्टेशनवर, जिथून मी रोज लोकल पकडते तिथेच, पोल व्हॉल्टचा राष्ट्रीय विक्रमवीर देव मीना आणि त्याचा साथीदार कुलदीप यादव यांना लांबलचक पोल नेतात म्हणून गाडीतून उतरवलं होतं. मंगळुरूकडची स्पर्धा करून ते भोपाळला परत निघाले होते. बातमी मी त्याच प्लॅटफॉर्मवर वाचली, 'अरेरे' म्हटलं आणि पुढच्या बातमीवर गेले. आपल्या खोक्याचा नंबर महिन्याभरात लागेल असं कुठे वाटलं होतं?

असो. कल्हट्टी आम्ही चढलो. बहीण माझ्या आधी अर्धा तास. वर पोचल्यावर ती पहिल्यांदा मनापासून हसली आणि म्हणाली, "परत मी विमानाने येणार नाही. पुण्यापर्यंत ट्रेनने येते."

तिने बंगळुरूला सायकल रीतसर लगेजमध्ये बुक केली, पाचशेच्या आत. पावती ओढणीच्या टोकाला बांधावी तशी जपली. पुण्यात सायकल उतरवली, जोडली आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरून सरळ शिळफाट्यावर हजर! मीही सुधारले होते. जादा सामान आधीच ऑनलाइन घेतलं. हेल्मेट, बूट आणि अवजारं सोडून जड ते सगळं केबिनच्या सात किलोंत. ग्राहक सेवेला फोन करून दोनच प्रश्न विचारले: सायकलच्या आकारात वजन धरलंय की वेगळं? आणि हे मला मेलवर लिहून देता का? येताना बिल निम्म्याच्या आत आलं. तुम्ही जाणार असाल तर एवढं तिकीट काढायच्या आधी करा. विमान आणि सायकल मिळून बेरीज करा, मग ठरवा स्वस्त काय ते. आणि ई-बाइक असेल तर विसरा. 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालत नाही.

त्या रात्री जेवताना पप्पांनी विचारलंच, "जाताना सायकलला किती पडले?"

मी "काही नाही" म्हणणार होते. समोर बहीण बसली होती. तिच्याकडे बघून खरं सांगितलं, एकेकीचे साडेचार हजार. चूक माझी, आधी विचारलं नाही. तिने ताटातून मान वर केली. फेडायचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. बूट आम्ही पुढच्याच रविवारी घेतले, अर्धे अर्धे पैसे घालून.

पप्पा बराच वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "साडेचार हजार? मग सायकलला खिडकीची सीट दिली होती ना?"